पलीकडचं टेबल

१

सणसवाडीत गुरुवार तेवढा शांत असतो. एरवी कंटेनरची घरघर, प्रेसचे दणके, कामगारांच्या बसचे हॉर्न. गुरुवारी कंपन्यांना सुट्टी, त्यामुळं कानाला दडे बसल्यागत वाटतं. भाड्याच्या खोल्यांमधली पोरं दुपारपर्यंत लोळतात, गॅलऱ्यांतून निळे युनिफॉर्म वाळत पडतात, आणि सारिका केस विंचरून, ओढणी नीट करून नवऱ्याला भेटायला निघायची.

लग्न झालेल्या बाईनं नवऱ्याला हॉटेलात जाऊन भेटायचं, हे तिच्या घरमालकिणीला, भामाबाईला, काही केल्या पचत नसे. "घरला का न्हाई गं बोलवत त्याला?" ती विचारायची. आता हिला काय सांगणार, की तुमच्या माडीवर आम्ही कूस बदलली तरी खाली तुम्ही खोकता?

हनुमंत दौंडच्या रेल्वे यार्डात पॉइंट्समन होता. डबे तोडायचे, जोडायचे, हिरवा झेंडा दाखवायचा. सारिका इथल्या एका कंपनीत डिस्पॅचला. ती कवठे येमाईची, शेवंती पिकवणाऱ्या घरातली. शिकली, नोकरीला लागली, मग लग्न झालं. संसार मात्र गुरुवार ते गुरुवार. तो मोटरसायकलवर चौफुल्यावरून यायचा आणि दोघं ईश्वरकडं जेवायची.

ईश्वरची जागा हायवेपासून आत, वेल्डिंगच्या दुकानाला लागून एका गाळ्यात होती. फ्लेक्सवर मोठ्या अक्षरांत 'सुशी' आणि खाली काहीतरी जपानी. ते बरोबर आहे की नाही, हे सांगायला आता आसपास कुणी जपानी उरलं नव्हतं. ईश्वर आधी जपानी साहेब लोकांच्या गेस्ट हाउसात स्वयंपाकाला होता. तिथं एका म्हाताऱ्या साहेबानं त्याला हात धरून शिकवलं. साहेब मायदेशी गेले, गेस्ट हाउस बंद पडलं, आणि ईश्वरच्या हातात विद्या तेवढी राहिली. मासा पुण्याहून बर्फात यायचा, नाही आला तर काकडी, कोळंबी, अंड्याची गोडसर पोळी. चिकट भात लाकडी परातीत पसरून तो पुठ्ठ्यानं वारा घालत बसे, जसं काही तान्ह्या लेकराला निजवतोय.

पहिल्यांदा दोघं गंमत म्हणून शिरली होती. "एवढुसा घास? आन् भात गार?" म्हणत हनुमंतनं ताटलीतली हिरवी चटणी बोटभर उचलली आणि जिभेवर ठेवली. मग त्याच्या नाकाडोळ्यांतून जे पाणी आलं! सारिका हसून हसून बेजार. तेव्हापासून ते त्यांचं ठिकाण झालं. हनुमंत हातानं खायचा, सारिका काड्यांनी. "साहेब लोक बी हातानंच खायाचे," ईश्वर म्हणायचा. "भाऊ बराबर हायेत. ताई, तुमीच चुकताय."

बसायचं टेबल ठरलेलं होतं. कोपऱ्यातलं. त्याच्या पाठीशी प्लायवूडचं पार्टिशन होतं आणि त्यावर निळ्या लाटांचा कागद डकवलेला होता.

२

पार्टिशनच्या पलीकडंही कुणी बसतं, हे सारिकाच्या लक्षात आलं ते उन्हाळ्यात. ताटलीच्या काठावर काड्या ठेवल्याचा हलका टक् असा आवाज. पाण्याचा ग्लास टेबलावर टेकला. एका बाईचं बोलणं, शब्द कळत नव्हते, पण सूर घरगुती होता. मध्येच पुरुषाचा.

"शेजारी बी जोडपं बसलंय वाटतं," सारिका म्हणाली.

"हं," हनुमंत म्हणाला. तो घास सोयासॉसमध्ये बुडवत होता. तो बराच वेळ बुडवत राहिला, घासाचा भात सुटून वाटीत पडला.

तिला ते बरं वाटलं होतं खरं तर. आपल्यासारखंच कुणीतरी गुरुवारी येतंय, एवढ्या मोठ्या गावात आपण दोघंच येडी नाही. नंतर नंतर ती त्यांची चाहूल घेऊ लागली. पुरुषाला बोलायच्या आधी घसा खाकरायची सवय होती. दोनदा, आणि दुसऱ्यांदा जरा लांबवून.

हनुमंतही तसाच खाकरायचा. पण घसा काय, सगळेच खाकरतात.

मग एका गुरुवारी पलीकडं स्टीलचा ग्लास पडला. खणखणत लांबवर गेला, कशाला तरी आपटून थांबला, आणि बाई हसली, "अगं बाई, सगळा सदरा!" एवढे शब्द मात्र स्पष्ट आले. सारिकालाही हसू आलं.

पुढच्या गुरुवारी हनुमंतचं कोपर लागून ग्लास पडला. खणखणत लांबवर गेला, काउंटरच्या पायाला आपटून थांबला. पाणी सगळं त्याच्या अंगावर.

"अगं बाई, सगळा सदरा!" सारिका म्हणाली, आणि वाक्य पुरं व्हायच्या आत तिचं हसू विझलं.

त्या दिवशी घरी आल्यावर तिनं स्वतःला समजावलं. ग्लास पडले की असेच पडतात. सदरा भिजल्यावर बाया असंच म्हणतात. प्लायवूड पोकळ असतं, त्यात आपलाच आवाज घुमत असेल. पण घुमणारा आवाज आपण बोलल्यावर येतो. आधीच्या गुरुवारी नाही येत. एवढ्याशा गोष्टीला ती आठवडाभर अडखळत राहिली. कंपनीत खोक्यांवर लेबलं चिकटवताना ती ते वाक्य मनात म्हणून बघायची, आणि दर वेळी आपण ते दुसऱ्या कुणाचं म्हणतोय असं तिला वाटायचं.

३

"पार्टिशनच्या मागं कोण बसतं हो?" पुढच्या खेपेला तिनं ईश्वरला विचारलं.

ईश्वर भाताला वारा घालत होता. हात थांबला नाही. "मागं कुठलं बसायला, ताई? तांदळाची पोती हायेत. फ्रीज हाय."

"आम्हाला आवाज येतो."

"फ्रीज जुना हाय," तो म्हणाला.

हनुमंत उठला. "बघूनच येतो," म्हणत पडदा सारून मागं गेला. सारिका पार्टिशनला कान देऊन बसली. त्याची पावलं आत फिरताना तिला ऐकू आली, मग थांबली. फार वेळ थांबली. तो परत आला तेव्हा चेहरा धुतल्यासारखा ओला दिसत होता. बाहेर ऊन रखरखीत होतं, घामही असेल.

"पोतीच हायेत," तो म्हणाला.

सारिकाला त्या दिवशी त्याला एक गोष्ट सांगायची होती. वर्षभर हनुमंत तिच्या मागं लागला होता: सोड ती नोकरी, आपल्याला रेल्वेचं क्वार्टर मिळालंय, दौंडला ये, माणसासारखं राहू. तिचाच पाय निघत नव्हता. आता तिचं ठरलं होतं. विषय बदलावा म्हणून, आणि त्याला खूश करावं म्हणून, ती म्हणाली, "अहो, मी राजीनामा देते. येते दौंडला."

त्यानं वर पाहिलं. खूश झालाच नाही तो. "नको," म्हणाला.

"म्हणजे?"

"नोकरी सोडू नको. हाय ते बरं हाय."

"तुम्हीच तर म्हणत होता!"

"म्हणत हुतो. आता न्हाई म्हणत." त्यानं घसा खाकरला. "सारे, माझं ऐक. तुझ्या हाताला काम असू दे."

तिचा घास तोंडात फिरत राहिला. बाई असेल का कुणी दौंडला, असाही विचार तिच्या मनात येऊन गेला, आणि त्याच वेळी पलीकडं, प्लायवूडच्या मागं, काड्या हलकेच ताटलीवर टेकल्या. तिच्या काड्या तेव्हा हातातच होत्या.

४

त्यानंतरचा गुरुवार.

आभाळ भरून आलं होतं पण पडत नव्हतं, आणि गाळ्यात अंग चिकचिकत होतं. दोघं समोरासमोर बसून कमी बोलत होती. ईश्वरनं ताटल्या ठेवल्या आणि तो काउंटरमागं गेला. त्यानं रेडिओ लावला. पूर्वी तो कधी रेडिओ लावत नसे.

थोड्या वेळानं सारिकाच्या लक्षात आलं की आज पलीकडून काड्यांचा आवाज आलाच नाही. बाईचं बोलणंही नाही. पुरुष मात्र होता. खुर्ची कुरकुरत होती. तो घसा खाकरत होता.

तिनं समोर हनुमंतकडं पाहिलं. त्याच्या तोंडात घास होता, ओठ मिटलेले होते.

"सारे," पलीकडून आवाज आला.

रेडिओवर कुणीतरी खतांची जाहिरात करत होतं. हनुमंत चावत होता.

"ए सारे. ऊठ की." आवाज अगदी हळू होता. शेजारच्या खोलीतलं माणूस उठू नये म्हणून बोलावं तसा. "ऊठ ना. गार व्हतंय सगळं."

सुशी गारच असते. ती ताटलीत येते तीच गार. मग तिथं गार काय होत होतं?

तिनं हनुमंतला विचारायला तोंड उघडलं आणि तिला दिसलं की तो पार्टिशनकडंच बघतोय. निळ्या लाटांवर त्याची नजर खिळली होती आणि डोळ्यांत पाणी साचलं होतं. तिनं पाहिल्याबरोबर त्यानं हिरव्या चटणीची वाटी पुढं ओढली. "लई तिखट हाय आज," म्हणाला.

त्यानं चटणीला हात लावलेला नव्हता. वाटी जशीच्या तशी होती.

निघताना हनुमंत गाडी काढायला पुढं गेला, तेव्हा ईश्वर काउंटरवरून वाकला. "ताई, पुढल्या टायमाला खिडकीजवळ बसा. त्या कोपऱ्यातल्या टेबलाला मी कुणाला बसवत न्हाई. तुमाला आवडतं म्हणून गप बसलो."

"तुम्हाला पण येतो आवाज?"

"मला काय येतं ते मला इचारू नका," ईश्वर म्हणाला आणि फडक्यानं सुरी पुसू लागला. सुरी स्वच्छ होती.

५

पुढचे दिवस सारिकाचं कुठंच लक्ष लागत नव्हतं. खोलीत बसवत नसे, बाहेर गेलं की खोलीकडं यावंसं वाटे. छातीत धडधडलं की ती थांबून मोजल्यासारखं ऐकत राही. भामाबाईनं विचारलं, "दिवस गेलेत का काय गं?" ती नुसती हसली. तिच्या डोक्यात एकच फिरत होतं: आपण उठत नाही, कुणीतरी आपल्याला उठवतंय. जेवता जेवता माणूस असं कशानं निजतं? एकदा रात्रीच्या भाजीचा घास तोंडात असताना तिला तसंच डोकं टेकावंसं वाटलं आणि ती ताट सोडून गॅलरीत जाऊन उभी राहिली.

गुरुवारची वाट बघणं तिला झेपेना. मंगळवारी तिनं अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि भर दुपारी ईश्वरकडं गेली. एकटी.

शेजारच्या दुकानात वेल्डिंग चालू होतं. ग्राइंडर किंचाळत होता. हॉटेलात गिऱ्हाईक नव्हतं. ईश्वर परातीशी बसलेला. तिला बघून त्यानं 'या' म्हटलं नाही.

ती थेट कोपऱ्यात गेली. बसली नाही. लाटांचा कागद एका ठिकाणी फुगून सुटला होता. त्यामागं प्लायवूडच्या दोन तक्त्यांमध्ये चार बोटं जातील एवढी फट होती.

"ताई, बसा न्हाईतर जावा," ईश्वर मागून म्हणाला. "उभ्या राहू नका तिथं."

तिनं कागद बाजूला केला आणि डोळा लावला.

पोती नव्हती. ट्यूबलाइटचा उजेड होता. असंच एक टेबल होतं आणि त्याला एक माणूस पाठमोरा बसला होता. करडा शर्ट, तिनं कधी न धुतलेला. मान बारीक झाली होती, मानेवरचे केस पांढरे. टेबलावर दोन ताटल्या होत्या. त्याच्यापुढची रिकामी. दुसरी भरलेली, आणि तिच्यावरच्या भाताच्या कडा वाळून पारदर्शक झाल्या होत्या. त्या ताटलीपाशी दोन काड्या सरळ, एकमेकींना चिकटवून ठेवल्या होत्या. समोरची खुर्ची फटीतून दिसत नव्हती. सारिकानं मान तिरकी करून बघायचा प्रयत्न केला नाही. तिच्यानं तो झालाच नाही.

शेजारचा ग्राइंडर थांबला.

त्या शांततेत तिच्या तोंडून काहीतरी आवाज निघाला असावा. माणूस ताठ झाला. त्यानं मान वळवली नाही. मागं बघितलं तर काहीतरी मोडेल अशा भीतीनं बसल्यासारखा तो तसाच बसला, आणि त्याचा उजवा हात हळूहळू मागं आला. आंधळ्यासारखा प्लायवूड चाचपत आला, फट सापडली, आणि चार बोटं या बाजूला आली.

पहिल्या बोटाचं नख मधोमध दुभंगून वाकडं वाढलं होतं. डबे जोडताना कपलिंगमध्ये सापडून गेलेलं ते नख सारिकानं हळद लावून लावून बरं केलं होतं.

तिनं ती बोटं धरली. का धरली हे तिला नंतरही कधी सांगता आलं नाही. भीती होतीच, पण हात नवऱ्याचा होता. तो ऊन होता. बोटांनी तिची बोटं दाबली आणि पलीकडं कुणीतरी तोंड दाबून रडावं तसा श्वास ऐकू आला.

"सारे?"

हा आवाज मागून आला. दारातून.

तिनं वळून पाहिलं. दारात हनुमंत उभा होता. ड्यूटीच्या कपड्यांत, हेल्मेट हातात, बूट यार्डातल्या काळ्या धुळीनं भरलेले. मंगळवारी तो इथं असायचं काहीच कारण नव्हतं. आणि तिच्या मुठीत त्याचीच बोटं होती, ती आता जास्तच घट्ट झाली होती, तिचं मनगट फटीत ओढलं जात होतं, प्लायवूडची कड कातडीत रुतत होती.

ईश्वर उठून उभा राहिला होता. पण पुढं आला नाही.

"सोडा," सारिका फटीकडं तोंड करून म्हणाली. रडू आवरत म्हणाली. "अहो, सोडा आता."

क्षणभर काहीच झालं नाही. मग बोटं सैल पडली. एकेक करून, नाइलाजानं निघावं तशी, ती मागं गेली. कागद आपोआप फटीवर येऊन बसला.

६

दौंडकडं निघालेली मोटरसायकल शिक्रापूर मागं टाकून चौफुल्याच्या रस्त्याला लागली. दुतर्फा ऊस. सारिका मनगट चोळत होती. पारगावच्या पुलावर हनुमंतनं गाडी बाजूला घेतली. खाली भीमेचं पाणी हिरवट, थांबल्यासारखं दिसत होतं.

"तुम्ही का आला होता आज?" तिनं विचारलं.

"तू का आली हुतीस?"

मग तोच बोलला. कठड्याकडं बघत. "तू म्हणालीस, शेजारी जोडपं बसलंय. मला जोडपं कवाच ऐकू आलं न्हाई, सारे. पयल्या दिवसापासनं बाईच. एकटी. ती दोघांचं मागवती. 'घ्या की' म्हणती. मग लई वेळ कुणी बोलत न्हाई, आन् मग ती रडती." त्यानं घसा खाकरला. "तुझंच रडणं हाय ते. मला का तुझं रडणं कळत न्हाई?"



"त्या दिवशी मी मागं बघाया गेलो, तर पोतीच हुती. पन पोत्यांत उभा राहिलो तरी ती माझ्या कानाशी. म्हणत हुती, आता मी एकटीनं काय करू. आन् बाहेर येतोय तर तू म्हणतीस, राजीनामा देते." तो तिच्याकडं वळला. "कसा देऊ देणार? मी रोज दोन डब्यांच्या मधी शिरतो. मी नसलो तर तुझ्या हाताला काम नको?"

एवढे दिवस तिनं मनात काय काय रचलं होतं. दौंडची बाई. नको झालेली बायको. तिला स्वतःची लाज वाटली आणि त्याच्या छातीवर डोकं टेकावंसं वाटलं, पण रस्त्यावरून उसाची ट्रॉली चालली होती आणि वर बसलेले गडी बघत होते.

तिनं त्याला तिचं ऐकलेलं सांगितलं. पुरुष एकटा. ऊठ की. वाळलेला भात, वाकडं नख. सगळं.

हनुमंतनं आपल्या उजव्या हाताकडं पाहिलं आणि तो खिशात घातला.

"म्हंजी तुझ्या कानाला तू न्हाईस, आन् माझ्या कानाला मी न्हाई," तो म्हणाला. "दोन्ही कसं खरं असंल? दोघांतलं एक खोटं."

"किंवा दोन्ही खोटं."

"व्हय. किंवा दोन्ही खोटं," तो म्हणाला. त्यानं किक मारली. गाडी दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा चालू झाली तेव्हा तो इंजिनच्या आवाजात म्हणाला, "पन एकच खोटं असंल, तर कंचं?"

७

सारिकानं नोकरी सोडली. हनुमंत आडवा आला, भांडला, पण या वेळी तिनं ऐकलं नाही. ज्याचं जे व्हायचं ते एका छताखाली होऊ दे, म्हणाली. दौंडला आल्यावर तिनं दवाखान्यात सगळ्या तपासण्या करून घेतल्या. डॉक्टर म्हणाले, काही नाही, ठणठणीत आहात. हनुमंत यार्डात दुप्पट जपून वागू लागला. बरोबरचे त्याला हसायचे. संध्याकाळी तो घरी आला की ती आधी त्याचे पाय बघायची, मग चेहरा. आणि सकाळी तिच्या आधी जाग आली की तो तिला हाक मारायचा नाही, नुसता तिच्या नाकापुढं हात धरून बसायचा. एकदा तिनं डोळे किलकिले करून ते पाहिलं आणि पुन्हा मिटून घेतले.

मध्ये एकदा ईश्वरचा फोन आला. "ताई, पार्टिशन काढून टाकलं. आता सगळं मोकळं झालंय. पोती तेवढी हायेत. या की एकदा."

"येऊ," ती म्हणाली. पण दोघं गेली नाहीत.

दिवस सरले. बरे सरले. गावाकडून शेवंतीची रोपं आणून तिनं क्वार्टरपुढं लावली, ती धरली. शेजारच्या क्वार्टरमधल्या कुटुंबाची बदली झाली, सामान गेलं, दाराला रेल्वेचं कुलूप लागलं. त्या बाजूची भिंत दोन्ही घरांत एकच.

हनुमंतची सुट्टी अजून गुरुवारीच असते. परवाच्या गुरुवारी दुपारी दोघं जेवायला बसली होती. बाजरीची भाकरी, मेथी, ताक. उन्हानं पत्रे कडकडत होते आणि लांब यार्डात एक इंजिन नुसतंच धापा टाकत उभं होतं.

शेजारच्या बंद घरात कुणीतरी खुर्ची ओढली.

सारिकाचा हात ताटात थांबला. पलीकडं एक ताटली टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. एकच. मग काहीही नाही. पण ती शांतता रिकामी नव्हती. पलीकडं कुणीतरी घास हातात धरून, श्वास रोखून, इकडचं ऐकत होतं.

हनुमंतनं तिच्याकडं पाहिलं नाही. "ऐकलंस?"

"हो."

"कितीजण हायेत?"

तिनं त्याच्या वाकलेल्या मानेकडं पाहिलं. "दोघं," ती म्हणाली.

"मला बी दोघंच वाटली," हनुमंत म्हणाला. तो खोटं बोलत होता हे तिला कळलं, आणि तिचं खोटं त्याला.

मग तिनं पळी उचलली आणि पातेल्यावर खणकन आपटली. हनुमंत दचकला, मग त्याला समजलं. त्यानं पाट घसटत पुढं ओढला, ताकाचा पेला जमिनीवर वाजवून ठेवला. "मेथी लई भारी झालीय!" तो एवढ्या मोठ्यानं म्हणाला की बाहेरून जाणारी बाई वळून बघू लागली. "अजून वाढू?" सारिका तितक्याच मोठ्यानं म्हणाली. "वाढ, वाढ!" तिनं बांगड्या वाजवत भाकरी मोडली, तो मुद्दाम हसला, तीही हसली. भिंतीपलीकडं जे कुणी एकटं बसलं होतं त्याला नीट कळावं, की इथं दोघं आहेत. इथं अजून दोघं आहेत.

ती दोघं तशीच मोठमोठ्यानं जेवत राहिली. आणि पलीकडची खुर्ची पुन्हा ओढली गेली. फरशीवरून घासत, हळूहळू ती भिंतीला येऊन टेकली.